वाटणीची दुपार

"साब नै आए आज?" चश्म्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, आणि विचार करायच्या आत दानेश्वरीच्या तोंडून "नै आए" असं निघून गेलं.

चश्म्याची नाकावर टेकणारी चकती निखळली होती, एवढंच काम होतं. म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं, मान खाली घातली आणि बारीक पेचकस फिरवत तो बोलत राहिला. "पिछली बार साब बोले थे, फ्रेम हलकीच होना, नाक पो निशान नै पड़ना बोलके. बहोत खयाल रखते ना तुमारा." दानेश्वरी "हौ" म्हणाली. तो माझा नवरा नव्हता, दीर होता, आणि तो वारलाय. एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण तिनं समोरच्या आरशात बघून पदर सारखा केला, चश्मा घातला, आणि म्हाताऱ्यानं "साब को सलाम बोलो" म्हटलं तेव्हा मानही हलवली. बाहेर कलबुर्गीचं एप्रिलचं ऊन रस्त्यावर नुसतं ओतलं होतं. ती रिक्षात बसली. आपण काय केलं? एक मेलेला माणूस क्षणभर जिवंत ठेवला, एवढंच नाही. तो आपल्या नावावर करून घेतला. आणि त्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. गोड वाटत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं तेव्हा तिला कळलं की आपण हसतोय.

घरी अमरेश सोफ्यावर बसून मोबाईल बघत होता. वीजखात्यातून त्याला निवृत्त व्हायला थोडाच अवधी राहिला होता आणि हल्ली तो दुपारी लवकर घरी यायचा, पण घरी आला म्हणजे आला असं काही नसायचं. "झालं का चश्म्याचं?" त्यानं मान वर न करता विचारलं. ती झालं म्हणाली. "रविवारी हुलसूरला निघायचंय. महेशला जाऊन वर्ष होतंय, वर्षाचं हाय. सकाळी जाऊन संध्याकाळी वापस." ती बरं म्हणाली. नवीन चकती बसवलेला चश्मा तिच्या नाकावर होता. जुना गेला, नवा आला, किंवा तिनं चश्मा लावलाच नसता, तरी त्याला ते दिसलं नसतं. अमरेश वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा बेंगळूरला नोकरीला लागला, आणि या सगळ्या काळात बाईला तक्रार करता येईल असं त्यानं एकही काम केलं नाही. हेच तिला कुणाला सांगता येत नव्हतं. ज्या घरात तक्रार करायला जागा नाही तिथं माणूस कुठल्या तोंडानं रडणार?

महेशकुमार तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. दोघांत चार-पाच वर्षांचं अंतर. सासरे महादेवप्पा यांचं हुलसूरला भांड्यांचं दुकान होतं. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा अमरेशचं इंजिनियरिंग शेवटाला आलं होतं आणि महेश बारावीत होता. कुणी त्याला शाळा सोड असं म्हटलं नाही. तो एक दिवस दुकानाचं शटर वर करून बसला आणि मग बसतच राहिला. वडिलांना उचलून न्हाऊ घालणं, त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन सकाळची पूजा करवून घेणं, आईचे गुडघे, बायकोचं बाळंतपण, मुलीची शाळा, हे सगळं त्यानं अंगावर घेतलं ते इतक्या सहज की कुणाला ते ओझं वाटलंच नाही. निर्णा गावची पवित्रा त्याची बायको होऊन आली तेव्हा दानेश्वरीचा मुलगा चालायला लागला होता. पवित्रा दिसायला साधी, शिकलेली बेताची, स्वयंपाकात हात कच्चा. दानेश्वरी तिला भाकरी थापायला शिकवत होती आणि महेश चुलीपाशी येऊन म्हणाला होता, "वैनी, तिला शिकवा की नका शिकवू, मला फाटकी बी गोड लागती." सासू गौरम्मा तोंडाला पदर लावून हसली. दानेश्वरीही हसली. त्या हसण्यात काहीतरी टोचलं होतं, पण ते काय हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

मग ते टोचणं वाढत गेलं. हुलसूरच्या घरात पाणी पिताना फुलपात्र उचललं की त्यावर नाव दिसायचं, पवित्रा. ताटावर पवित्रा, परातीवर पवित्रा, इडलीच्या भांड्याच्या झाकणावर पवित्रा. दुकानात नाव कोरायचं यंत्र होतं; गिऱ्हाईकाला हवं तसं महेश मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव घालून द्यायचा, आणि रिकाम्या वेळी घरातल्या भांड्यांवर बायकोचं नाव घालत बसायचा, कधी या लिपीत, कधी त्या. दानेश्वरीच्या घरातल्या भांड्यांवर अमरेशचं नाव होतं. ती सगळी लग्नातली होती, आहेरातली होती. तिनं एकदा गमतीनं महेशला म्हटलं, "माझं बी एखाद्या वाटीवर घाल की." तो लगेच उठला आणि त्यानं वाटी मागितली. तिनंच नको म्हटलं. मागून घेतलेलं नाव काय कामाचं. पवित्रानं थोडंच मागितलं होतं?

आणि जनवाड्याचं ते लग्न. नात्यातलं होतं, मंडप भरला होता, बायकांच्या खोलीत जागा नव्हती म्हणून दानेश्वरी मागच्या खोलीकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत पवित्रा नवीन कडक साडी नेसत उभी होती आणि महेश तिच्या पायाशी उकिडवा बसून खालच्या निऱ्या एकेक करून चिमटीत धरत होता. तोंडात टाचणी. डोळे बारीक केलेले, दुकानात तराजूचा काटा बघताना करायचा तसे. पवित्रा वरून म्हणत होती, "आवरा की, लोकं यायलीत," आणि तो टाचणी न काढता काहीतरी बोलला ते ऐकून ती हसली. दानेश्वरी मागे वळली. मंडपात येऊन ती बसली, अक्षता टाकल्या, जेवली, सगळ्यांशी बोलली. त्या दिवशी तिची स्वतःची साडी मागून दोन बोटं वर राहिली होती. घरी आल्यावर आरशात पाहिलं तेव्हा कळलं. दिवसभर अमरेश तिच्या मागून चालत होता.

महेशवर तिचं मन होतं असं नव्हतं. हे तिनं स्वतःला अनेकदा विचारून पाहिलं होतं, बाई स्वतःला विचारू शकते तितकं खरं. महेशचं पोट सुटलेलं, केस गेलेले, बोलताना थुंकी उडायची. तिला महेश नको होता. तिला पवित्रा व्हायचं होतं. रस्त्यानं चालताना कुणीतरी आपल्या बाजूला वाहनांच्या अंगाला चालावं. ताप आला तर कुणीतरी दुकान बंद करून कपाळावर हात ठेवावा. लोकांनी बायकोचा गुलाम म्हणून हसावं आणि त्यानं ते हसणं खुशाल अंगावर घ्यावं. हे पवित्राला मिळत होतं, आणि पवित्राला त्याचं काहीच नव्हतं. पवित्रा कुरकुर करायची. "सारखं मागं मागं असत्यात अक्का, जीव गुदमरतो," असं ती एकदा भाकरी करताना म्हणाली तेव्हा दानेश्वरीला वाटलं, हिच्या हातावर तवा ठेवावा.

मागच्या वर्षी, लग्नसराईच्या ऐन दिवसांत, महेश गेला. सकाळी नळाला पाणी आलं होतं. तो घागरी भरून वरच्या टाकीत ओतत होता, मधल्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. पवित्राला वाटलं, दम घ्यायला बसलेत. निरोप आला तेव्हा दानेश्वरी आणि अमरेश लगेच निघाले. हुलसूरला पोचले तेव्हा त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, बसल्या बसल्या डोळा लागावा तसा. बाजारपेठ बंद होती. ज्यांची भांडी त्यानं कल्हईला पाठवून आणून दिली, ज्यांच्या मुलींच्या रुखवताला उधारीवर सामान दिलं, ते सगळे दारात उभे होते. दानेश्वरी आत गेली आणि रडायला लागली, आणि तिला थांबताच येईना. पवित्रा गप्प बसली होती, डोळे कोरडे, आणि थोरली जाऊ ऊर बडवून रडत होती. बायका बघत होत्या. अमरेशनं दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "पुरे की आता. तिला रडू दे." तिला. रडायचा हक्कसुद्धा तिचा. खड्ड्यात महेशला लिंगायत रीतीनं मांडी घालून बसवलं, माती ढकलली, आणि परत येताना दानेश्वरीच्या मनात एक विचार आला तो इतका घाणेरडा होता की तिनं तो तिथेच दाबून टाकला. विचार असा होता: आता आपण दोघी सारख्या झालो. आणि लगेच त्याच्यामागून दुसरा आला: नाही झालो. तिच्याजवळ आठवायला आहे.

पण तिच्याजवळही एक होतं. एकच दुपार. आणि रविवारी गाडी कलबुर्गीतून बाहेर पडली, हुमनाबाद मागं पडलं, अमरेश एका हातानं गाडी चालवत फोनवर कुणाशी तरी ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलत होता, तेव्हा दानेश्वरी खिडकीकडे तोंड करून ती दुपार पुन्हा पहिल्यापासून काढून बसली. महेश जायच्या आधीची दिवाळी झाली होती. साखरेमुळे तिच्या डोळ्यांना धूसर दिसत होतं आणि डॉक्टरांनी डोळे आतून तपासायला बोलावलं होतं. सोबत कुणीतरी हवं, थेंब घातल्यावर दिसणार नाही, असं सांगितलं होतं. अमरेशला मीटिंग होती. "महेश आलाय ना माल घ्यायला, त्याला सांगतो," म्हणाला. महेश आला. तिच्या डोळ्यांत थेंब घातले, पुन्हा घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि जग पांढरं झालं. बाहेर पडताना उजेड सुयांसारखा आत घुसला. तिनं डोळे मिटले. महेशनं तिचं मनगट धरलं नाही; त्यानं आपला दंड पुढं केला आणि म्हणाला, "धरा वैनी. पायरी हाय. अजून एक हाय. आता सपाट." गाडी आली की तो थांबायचा, गेली की "चला" म्हणायचा. चश्म्याच्या दुकानात फ्रेम त्यानंच निवडली. म्हाताऱ्यानं त्याला साब म्हटलं. महेशनं काहीतरी सांगितलं असेल, नसेल. तिला तेव्हा ऐकू आलं नाही, किंवा तिनं ऐकलं नाही.

मग थेंबांचा अंमल उतरेपर्यंत कुठं बसायचं म्हणून तो तिला शरणबसवेश्वराच्या तळ्याकाठी घेऊन गेला. कागदात बांधून सुसला आणि मिरची-भजी आणली. चुरमुऱ्यांचा तो ओलसर, हळदीचा वास, तळलेल्या मिरचीचा ठसका. तिला पुढ्यातलं काही दिसत नव्हतं, पाण्याचा पांढरा झगझगाट तेवढा, आणि बाजूला एक काळसर आकार. तो आकार बराच वेळ खात होता, आवडीनं, आवाज करत. मग तो म्हणाला, "फोन बंद करून ठेवलाय वैनी." तिनं "कामून?" असं विचारलं. आणि मग जरा वेळानं, तळ्याकडे तोंड करून असेल, कारण आवाज तिच्याकडे येत नव्हता, तो म्हणाला, "मला कवाकवा वाटतं, भालकीच्या स्टँडावर जी बस लागली असंल तिच्यात जाऊन बसावं. कंडक्टरनं कुठं म्हणून इचारलं तर म्हणावं, तू जाशील तिकडं. लय थकलोय वैनी. कुणाला सांगू नका." त्यानंतर तो गवतावर आडवा झाला, तोंडावर रुमाल टाकला आणि झोपला. तिला दिसत नव्हतं तरी ती राखण करत बसली. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. त्या वेळी तिला कीव यायला हवी होती. तिला आनंद झाला होता. भरून आलेला, वाईट, पोटातून वर येणारा आनंद: पवित्राचा नवरासुद्धा पळून जायच्या गोष्टी करतो, आणि त्या मला सांगतो. पवित्राला नाही. मला. ही वाटणी कुणी केली नव्हती, कुणी मागितली नव्हती, पण ती झाली होती आणि तिच्या वाट्याला एक दुपार आली होती.

हुलसूरच्या घरासमोर मंडप घातला होता. महेशचा मोठा केलेला फोटो, फोटोत तो ओळखीचा वाटत नव्हता, कुणीतरी त्याचे केस दाट केले होते. जंगम स्वामी आले, पूजा झाली. निवृत्त शिक्षक नरसिंग मास्तर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की असा कुटुंबवत्सल माणूस या गावात झाला नाही; आई-वडिलांची सेवा, पत्नीवर प्रेम, कन्येचं शिक्षण; त्यांचं भाषण ऐकून, हल्ली सगळं विसरणारी गौरम्मा मध्येच म्हणाली, "महेशा कुठं गेलाय? जेवायला बोलवा की त्येला," आणि मास्तरांचा धागा तुटला. महेशची मुलगी चैत्रा आजीला आत घेऊन गेली. ती बीदरला नर्सिंगला होती. बापासारखंच चालायची, पुढं झुकून. दानेश्वरी पवित्राकडे बघत होती. वर्षात ती वाळली होती, पण तिच्या वागण्यात काहीतरी नवीन आलं होतं. ती माणसांना बसवत होती, आचाऱ्याला गव्हाच्या हुग्गीत गूळ किती घालायचा ते सांगत होती, बसायला सतरंजी कमी पडली तेव्हा तिनं स्वतः शेजारून आणवली. दुकान तीच चालवायची आता. आणि लोक तिच्याशी ज्या आवाजात बोलत होते तो आवाज महेशशी बोलताना असायचा तोच होता. तिचं अजून काही संपलेलं नाही, असं दानेश्वरीला वाटलं. तो गेला आणि तरी त्याचं सगळं हिच्याचकडे आलं.

पहिली पंगत बसायच्या आधी पवित्रा तिच्याजवळ आली. "अक्का, जरा आत येता का?" ती दानेश्वरीला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेली. शटर ओढलेलं, अंधुक, आणि छतापर्यंत रचलेल्या पराती, घागरी, डबे. पितळेचा आणि गवताच्या पॅकिंगचा वास. पवित्रा एका उपड्या पातेल्यावर बसली आणि दानेश्वरीला स्टूल दिलं.

"एक इचारायचं होतं अक्का. वर्षभर इचारीन म्हणते, तोंड होत न्हाई."

"इचार की."

"तुमचे डोळे दाखवायला ह्येनी तुमच्यासंगं गेलते. आठवतं?"

दानेश्वरीनं चश्मा नाकावर सारखा केला. "आठवतं. कामून?"

"त्या दिवशी काय केलं त्येनी? काय खाल्लं? काय बोललं?" पवित्रा खाली बघत बोलत होती. "मला त्येंचा समदा दिस ठाव असायचा. दुकानात कोण आलं, कुणाशी काय बोललं, घरी येऊन समदं सांगायचं. मला झोप यायली तरी सांगायचं. त्या दिवशी फोन लागला न्हाई. संध्याकाळी आलं, म्हणालं, वैनीचे डोळे बरे हायत. बास. एवढंच. मी इचारलं, एवढा वेळ काय केलं, तर हसलं. अक्का, एवढ्या वर्षांत तेवढा एकच दिस माझ्याजवळ न्हाई. तो तुमच्याजवळ हाय. मी वर्षभर जळायले त्याच्यापायी."

जळायले. तो शब्द ऐकून दानेश्वरीला हसू येईल की रडू येईल हे तिलाच कळेना. ही जळते? माझ्यावर? इतकी वर्षं आपण हिच्या दारातून आत बघत होतो, आणि ही वर्षभर आपल्या दारात उभी. तिनं सावकाश सांगायला सुरुवात केली. थेंब घातले ते, पायऱ्या उतरल्या त्या, तळ्याकाठी सुसला खाल्ला तो. "दोन पुड्या खाल्ल्या त्यानं," ती म्हणाली. पवित्राच्या चेहऱ्यावर उजेड येत होता. "भजी बी?" "भजी बी." "तेलकट खाऊ नका म्हणायचे मी." "मग तो झोपला. गवतावर. तोंडावर रुमाल टाकून."

"झोपले?" पवित्रानं वर पाहिलं. "दुपारचं?"

"चांगला तासभर."

"बरं झालं." तिनं डोळे पुसले आणि ती हसली, खरंखुरं हसली. "बरं झालं अक्का. हितं दुपारी कधी पाठ टेकली न्हाई त्येनी. तेवढं तरी सुख मिळालं त्येंला. तुमच्यामुळं."

तेवढं तरी सुख. पवित्रानं ती दुपार घेतली, घडी घातली आणि आपल्या बाकीच्या दिवसांवर ठेवून दिली. इतकं सोपं होतं ते तिला. दानेश्वरीनं जी एक गोष्ट कुणाला न दाखवता जपली होती, ती या बाईनं हात पुढं केला आणि उचलली, आणि वर आभार मानले. ती म्हणाली, आणि म्हणताना आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं, "अजून एक बोलला तो."

"काय?"

"थकलोय म्हणाला. भालकीच्या स्टँडावरून कुठल्या बी बसमध्ये बसून निघून जावं वाटतं, म्हणाला."

बाहेर पंगतीसाठी पत्रावळ्या मांडल्याचा आवाज येत होता. पवित्रा हलली नाही. दानेश्वरी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता लागेल, असं तिला वाटत होतं. आता हिला कळेल की हिच्या सुखाला आतून भोक होतं. पण पवित्राच्या चेहऱ्यावर तसलं काही उमटलं नाही.

"थकलं होतं, ते मला ठाव होतं," पवित्रा म्हणाली. "रातीला कूस बदलायचं तेवढ्यावरून कळायचं. मी वाट बघायचे, आज सांगतील, उद्या सांगतील. कधी न्हाई सांगितलं." मग तिचा आवाज फाटला. "तुमाला सांगितलं त्येनी. तुमाला."

आणि ती रडायला लागली. नवरा गेला त्या दिवशी जी रडली नव्हती, ती पातेल्यावर बसून, गुडघ्यात डोकं घालून, तोंडावर पदर कोंबून रडत होती, पंगतीला ऐकू जाऊ नये म्हणून. दानेश्वरीला हवं होतं ते सगळं तिच्यासमोर होतं. कुणीतरी तिचा हेवा करत होतं, इतका की त्यानं श्वास अडकावा. तिनं ते क्षणभर बघितलं. त्याला काही चव नव्हती. पवित्राची पाठ हलत होती, ब्लाउजची शिवण उसवली होती एका ठिकाणी, आणि ती शिवण बघताना दानेश्वरीच्या मनात ते वाक्य आलं, जे तिनं इतके महिने स्वतःला म्हणू दिलं नव्हतं.

ती स्टुलावरून उठली आणि पवित्राशेजारी खाली फरशीवर बसली.

"मला दिसत नव्हतं गं," ती म्हणाली. "थेंब घातलेले. समोर कोण हाय, काय हाय, काय दिसत नव्हतं. म्हणून बोलला तो. माझं तोंड त्येला वाचायचं नव्हतं, माझ्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. तळ्याकडं बघून बोलला. मी तिथं नसते, नुसता दगड असता, तरी बोलला असता. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर काय उमटलं ते त्येला बघावं लागलं असतं. ते झेपलं नसतं त्येला."

बोलायला सुरुवात केली तेव्हा ती पवित्राची समजूत काढत होती. बोलून संपलं तेव्हा तिला कळलं की हे खरं आहे. महेशनं तिला निवडलं नव्हतं. तिच्या जागी कुणीही बसलं असतं. तिची ती दुपार, तो काळसर आकार, ती राखण, यातलं काही तिच्यासाठी नव्हतंच. पण शब्द बाहेर गेले होते आणि पवित्रा ते ऐकत होती, डोकं वर न काढता, हळूहळू शांत होत. मग तिनं दानेश्वरीचा हात चाचपडत शोधला आणि धरून ठेवला. हात खरखरीत होता, भांड्यांच्या कडांनी चिरलेला.

"कुणाला सांगू नका म्हणाला होता," दानेश्वरी म्हणाली.

"मी कुणाला सांगू?" पवित्रा म्हणाली. नाक ओढून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती उठली. "चला अक्का. पंगत खोळंबली असंल. ह्येंच्या नावानं जेवायचंय, गार हुग्गी नको."

जेवणं झाली, लोक पांगले, मंडपवाला खांब सोडायला लागला. अमरेश गाडीची चावी बोटात फिरवत दारात उभा राहिला. "निघूया? हुमनाबादला ट्रक अडकायच्या आत निघालेलं बरं."

"तुमी जा," दानेश्वरी म्हणाली. "मी राहते हितं चार दिवस."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "कामून? पवित्रा थांब म्हणाली का?"

"न्हाई. ती काय बोलली न्हाई."

"मग?"

आत पवित्रा चैत्राला काहीतरी सांगत होती, महेश पहिल्यांदा निर्ण्याला मुलगी बघायला आला तेव्हा बसमध्येच त्याची चप्पल कशी राहिली होती, असं काहीतरी. चैत्रा हसत होती. दानेश्वरीला ते नीट ऐकू येत नव्हतं. तिला पुढचं ऐकायचं होतं. तो दिवस, त्याच्या पुढचा दिवस, सगळे दिवस, पवित्रा सांगेल तेवढे. ऐकताना जळणार होती ती, हे तिला ठाऊक होतं.

"मग काय न्हाई," ती म्हणाली. "माझ्या गोळ्या गाडीत हायत. तेवढ्या काढून द्या."